झाडें लावणारे पुष्कळ, राखणारे किती?

पंचवटीस तें नांव पांच वडांवरून पडलें, असें परंपरा सांगते. ज्या क्षेत्राची ओळखच वृक्षांनीं झाली, तेथील रहिवासी आज वृक्षांस कसें वागवितात, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें मुद्दाम ठेवीत आहों. १९८२ सालीं महानगरपालिका स्थापन झाल्यापासून नाशिक चहूंकडे पसरलें. मळ्यांच्या जागीं इमारती आल्या. वाढ वाईट, असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. परंतु शहराबरोबर त्याची सावलीहि वाढली पाहिजे.

हें अशक्य नाहीं, याची साक्ष सातपूरनजीकचा फाशीचा डोंगर देतो. ५ जून २०१५ रोजीं ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेच्या हांकेस ओ देऊन हजारों नागरिक तेथें वनखात्याच्या जमिनीवर जमले आणि एका दिवसांत देशी जातींचीं सुमारें ११,००० रोपें लावलीं गेलीं. त्या स्थळास आज लोक ‘देवराई’ म्हणतात. पूर्वजांनीं देवाच्या नांवानें राने राखिलीं. येथें नागरिकांनीं स्वतःच्या शब्दावर रान राखण्याचा पण केला. पण खरें काम त्या उत्सवाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतें. रोप जीव धरीपर्यंत दोन-तीन उन्हाळे त्यास पाणी घालावें लागतें, गुरांपासून जपावें लागतें, वणव्यापूर्वीं वाळलें गवत कापून जाळरेषा काढाव्या लागतात. या कामास ना हारतुरे, ना छायाचित्रें. म्हणूनच तें करणारे थोडे.

कायदा नाहीं असें नाहीं. नागरी भागांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा महाराष्ट्रांत १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाडास वारसावृक्षाचा मान मिळाला, व तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं रोपें लावण्याचें बंधन आलें. हेतु उत्तम. परंतु साठ वर्षांच्या वडाबद्दल साठ रोपें लावून त्यांतलीं पांचच जगलीं, तर त्यास फेड म्हणावी काय? ज्या व्यापाऱ्याच्या वहींत मुद्दल जमा दिसतें पण तिजोरींत खडखडाट असतो, त्याची पत बाजारांत किती दिवस टिकेल?

म्हणूनच २०२५ च्या अखेरीस, सिंहस्थाच्या साधुग्रामासाठीं तपोवनांतील सतराशेंहून अधिक झाडांवर गंडांतर येणार असें दिसतांच, नाशिककरांनीं हरकतींचा जो आवाज उठविला, तो आम्हांस सर्वथा योग्य वाटतो. साधूंस जागा हवी, हें खरें. पण तपोवनांतून वनच गेलें तर उरलें काय? ‘दुसरीकडे लावूं’ या आश्वासनावर लोकांचा विश्वास बसत नाहीं, कारण पूर्वीं लावलेल्यांचा हिशेब त्यांच्या हातीं नाहीं.

तेव्हां दोन गोष्टी व्हाव्यात. महापालिकेनें किती रोपें लावलीं एवढेंच न सांगतां तीन वर्षांनीं किती जिवंत आहेत, याचा प्रभागवार ताळेबंद दरसाल प्रसिद्ध करावा. आणि पेढीवाल्यांनीं व कारखानदारांनीं रोपांच्या देणगीवर नांवाची पाटी लावून थांबूं नये. दरसाल एका उन्हाळ्याचें पाणी व एका राखणदाराचा पगार आपल्या शिरावर घ्यावा. सार्वजनिक झाड ही पुढच्या पिढीची ठेव आहे. आपण तिचे मालक नव्हे, विश्वस्त आहों. विश्वस्तानें हिशेब द्यावयाचा असतो.