दुखणे, रुग्णाच्याच शब्दांत

ताप मोजण्यास तापमापी आहे, रक्तदाबासाठी यंत्र आहे. रक्तातील साखर तर आता घरबसल्या कळते. वेदना थेट मोजणारे यंत्र मात्र वैद्यकशास्त्रास अद्याप लाभलेले नाही. ती कुठे, कशी आणि किती आहे, हे सांगू शकणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे स्वतः रुग्ण. म्हणूनच त्याचे म्हणणे ऐकणे हा केवळ सौजन्याचा भाग नसून तपासणीचाच भाग होय.

अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते व काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. हा क्रम रुग्णाने सांगितला तरच डॉक्टरांना कळतो. नागीण उठण्यापूर्वी पुष्कळदा दोन-तीन दिवस त्वचेची आग होते. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही. याउलट, छायाचित्रात दिसलेला दोष दुखतोच असे नाही. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा त्यांतील ५२ टक्के जणांच्या मणक्यांमधील किमान एक चकती फुगलेली आढळली!

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडून एक प्रश्नावली सिद्ध केली. आपली मराठी याबाबत मुळीच दरिद्री नाही. ठणका, कळ, चमक, सल, ठसठस, रग, मुरडा हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. कमरेतून पायात उतरणारी चमक मज्जातंतूकडे बोट दाखवते, तर मुरडा आतड्याकडे.

चंदीगढच्या सेक्टर २२ पासून सेक्टर १२ मधील पीजीआय फारसे दूर नाही. बदलीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांतील वडीलधारी मंडळी तेथे जातात आणि हिंदीत केवळ ‘दर्द है’ एवढेच सांगतात. साऱ्या छटा तेथेच हरवतात. वास्तविक कळेला टीस, मुरड्याला मरोड़, आगीला जलन असे शब्द हिंदीतही आहेत; ऐनवेळी ते आठवत नाहीत, इतकेच.

बाह्यरुग्ण विभागातील गर्दी पाहता डॉक्टरांची अडचणही समजण्याजोगी आहे. तथापि न ऐकण्याची किंमत मोठी असते. नवजात अर्भकांना वेदना फारशी जाणवत नाही, या समजुतीने १९८० च्या दशकातही त्यांच्यावर अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया होत असत. भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत आनंद यांच्या १९८७ मधील संशोधनाने त्या समजुतीस जबर धक्का दिला. वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा रुग्णाच्या कथनाचा आदर व्हावा आणि बोलता न येणाऱ्यालाही वेदना असू शकते, हे सोबतच्या टिपणात स्पष्टपणे नोंदवले.

बँकेच्या नोंदवहीत ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत उतरते, तसेच येथेही करावे. दुखणे कधीपासून आहे, कशाने वाढते, कशाने उतरते, झोपमोड होते का, हे घरूनच कागदावर लिहून न्यावे. सोबतच्या नातलगाने मात्र रुग्णाच्या आधी उत्तर देण्याचा मोह टाळावा.