पद्मिनी पन्नाशीची झाली

जुन्या मोटारीला भारतीय कायद्यात स्वतंत्र ओळख मिळाली ती १५ जुलै २०२१ रोजी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्या दिवशी जी भर पडली तिच्यानुसार, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न करता मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्याने नोंद केली की तिला राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. जिची नोंद आधीच झालेली आहे तिचा जुना क्रमांक कायम राहू शकतो. हा पन्नास वर्षांचा हिशेब आता आपल्या घरच्या गाडीला लावून पाहा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० डिलाइट १९६४ साली आणली आणि तिच्याच वंशातली गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली जाऊ लागली. म्हणजे डिलाइट केव्हाच पात्र झाली आणि पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. कॅरिअरवर वळकट्या आणि ट्रंका बांधून, मागच्या सीटवर चार-पाच जणांना दाटीवाटीने बसवून मुंबईची कुटुंबे ज्या गाडीतून मे महिन्यात गावी जात, ती गाडी आता महाराजांच्या रोल्स-रॉईसशेजारी मानाने उभी राहू शकते.

या बदलाकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. व्हिंटेज म्हटले की अजूनही डोळ्यांसमोर येते ते संस्थानिकांचे वैभव: चांदीच्या मुठी, शिकारीसाठी बांधून घेतलेल्या उघड्या गाड्या, बोनेटवरच्या मूर्ती. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या गाड्या हॉर्निमन सर्कलला जमतात तेव्हा बघ्यांची जी गर्दी होते तीही बहुतेक याच गाड्यांभोवती. त्या गाड्या सुंदर आहेतच. पण मुंबईचा आणि महाराष्ट्राचा मोटारींशी असलेला संबंध राजवाड्यापुरता कधीच नव्हता. इथे गाड्या नुसत्या आल्या नाहीत, इथे त्या बनल्या.

मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास उतरल्या. मोटार बाळगणाऱ्या पहिल्या भारतीयांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. १९०५ मध्ये जे. आर. डी. टाटांच्या मातोश्री सुझान यांनी मोटार चालवली. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. १९०४–०५ च्या हिवाळ्यात दिल्ली ते मुंबई अशी मोटारींचा कस पाहणारी दौड झाली. तेव्हाच्या रस्त्यांवर हे अंतर मोटारीने तोडणे म्हणजे केवढे धाडस होते, याची कल्पना आज सहज येणार नाही. मोटारमालकांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ साली मुंबईत स्थापन झाली आणि ती आजही काम करते आहे.

यापुढचा काळ मला अधिक जवळचा वाटतो. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जोडणी कारखाना काढला. तो १९५४ मध्ये बंद झाला. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू केली. मुलुंडला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यातून लॅम्ब्रेटा बाहेर पडत, तर पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटर तयार होत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी तर १९४९ पासून ‘मीरा’ नावाच्या छोट्या, मध्यमवर्गाला परवडेल अशा मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतःच्या जिद्दीवर बनवले. ती मोठ्या प्रमाणावर उत्पादनात येऊ शकली नाही, ही आपल्या उद्योगाच्या इतिहासातली हळहळ वाटायला लावणारी गोष्ट आहे. शिवडी, कुर्ला, माझगाव, मुलुंड, आकुर्डी, इचलकरंजी ही नावे एका ओळीत वाचली की लक्षात येते, व्हिंटेज गाड्यांचा वारसा हा इथल्या फिटरचा, टर्नरचा, पेंटरचाही वारसा आहे.

जुनी गाडी जनतेची कशी होते याचा उत्तम दाखला कोल्हापुरात दर दसऱ्याला मिळतो. छत्रपती घराण्याची ‘मेबॅक’ ही जर्मन बनावटीची मोटार त्या दिवशी बाहेर निघते आणि दसरा चौकात सीमोल्लंघनाच्या सोहळ्याला येते. लोक मुलांना खांद्यावर घेऊन तिची वाट पाहतात. काचेआड ठेवलेल्या गाडीभोवती अशी गर्दी वर्षानुवर्षे टिकली नसती. ती चालत येते, तिचा आवाज ऐकू येतो, म्हणून कोल्हापूरकरांना ती आपली वाटते.

जगभरच्या क्लबांनीही जुन्या गाड्या चालवण्यावरच भर दिला आहे. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी इंग्लंडमध्ये मोटारींची वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर गेली, त्या आनंदात मोटारवाले लंडनहून ब्रायटनला गेले. त्याच आठवणीची दौड १९२७ पासून होते आणि तिच्यात १९०५ पूर्वीच्याच गाड्या घेतात. सुमारे सव्वाशे वर्षांच्या या गाड्यांत नातवंडे अंगाला ब्लँकेट गुंडाळून बसलेली असतात. अमेरिकेत १९०५ ते १९१३ या काळात झालेली ग्लिडन टूर दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, पुन्हा सुरू करण्यात आली. जुनी मोटार घेऊन कुटुंबासह काही दिवस गावोगाव हिंडायचे, असे तिचे आजचे रूप आहे. आपल्याकडे ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची दिल्लीतील फेरी १९६४ पासूनची आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिवाची, अट तीस वर्षांची आहे. भारताने पन्नासची घातली. माझ्या मते तीसच योग्य होती, कारण पन्नास वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहता पाहता कितीतरी गाड्या भंगारात जातात.

गाडी चालवत राहण्यामागे भावनेइतकेच यंत्राचेही कारण आहे. उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिले की टाकी आतून गंजते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्या, बुचाचे गॅस्केट यांना मानवत नाही. ब्रेकचे सिलिंडर धरतात, टायर एकाच जागी दबतात, डायनॅमोवर चालणारी बॅटरी उतरते. आमच्या मीरा-भाईंदरला तर खाडी आणि मिठागरे शेजारीच. इथल्या खाऱ्या हवेत उघड्यावर ठेवलेल्या गाडीच्या दाराची खालची कड दोन पावसाळ्यांत पोखरते. टॉवरमध्ये शेड मिळत नाही, आणि यांत्रिक पार्किंगच्या कप्प्यात जुनी गाडी उतरवताना मालकाचा जीव टांगणीला लागतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास का होईना, गाडी चालली पाहिजे.

फियाट सकाळी चालू करणे हा बघण्यासारखा प्रकार असतो. बोनेट उघडून आधी रेडिएटरचे पाणी आणि डिपस्टिकवर ऑइल पाहायचे. मग चोक ओढायचा, ऍक्सिलरेटर एकदा दाबून सोडायचा आणि सेल्फ मारायचा. १०८९ सीसीचे ते छोटे इंजिन दोन-तीनदा खोकते आणि धरते. लगेच चोक आत ढकलायचा नाही. टॅपेटचा टकटक आवाज एका लयीत येईपर्यंत थांबायचे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, डाव्या हाताला. पुढे वाहतुकीत अडकून इंजिन तापले आणि पेट्रोल पंपात वाफ धरली की गाडी आचके देते. तेव्हा पंपावर ओला फडका ठेवून पाच मिनिटे थांबायचे. शेजारी उभे राहून मुले हे सगळे पाहतात आणि मोटार कशी चालते ते समजून घेतात. सीलबंद इंजिनाच्या आजच्या गाडीत त्यांना ही संधी मिळत नाही.

माझे राहणे काशीमीऱ्याचे, त्यामुळे कुठेही जायचे म्हटले की सुरुवात याच नाक्यावरून होते. दक्षिणेला दहिसरमार्गे मुंबई, पुढे खाडीजवळ घोडबंदर रस्ता ठाण्याकडे फुटतो, आणि सरळ उत्तरेला वसई खाडी ओलांडून अहमदाबादचा महामार्ग. याच रस्त्याने वडोदरा गाठले की गायकवाडांचा लक्ष्मीविलास राजवाडा आहे. २०२३ च्या जानेवारीत देशभरच्या व्हिंटेज गाड्यांचे मोठे प्रदर्शन तिथेच भरले होते. आणखी पुढे अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेल्या शंभराहून अधिक मोटारींचे संग्रहालय आहे. महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या मोटारवेड्यांची ये-जा याच रस्त्याने व्हावी, इतका तो सोयीचा आहे.

पण जुन्या गाडीने ट्रेलरच्या रांगेत शिरून वडोदऱ्याला जावे, असे मी म्हणणार नाही. तिच्यासाठी जवळची, सावलीची वाट शोधावी. पहाटे सहाला काशीमीऱ्याहून निघावे, वर्सोवा पुलावर गर्दी जमायच्या आत खाडी ओलांडावी आणि शिरसाड फाट्याला उजवीकडे वळून पारोळमार्गे वज्रेश्वरीला जावे. ताशी चाळीस-पंचेचाळीसचा वेग या रस्त्याला पुरतो. वसईची मोहीम फत्ते झाल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी बांधलेले देवीचे देऊळ, तानसा नदीकाठची अकलोलीची गरम पाण्याची कुंडे, पुढे गणेशपुरी. आजीला देवदर्शन, मुलांना कुंडे, आणि गाडीला थंड व्हायला दोन तास. याहून छोटी फेरी हवी असेल तर घोडबंदरचा किल्ला अगदी हाकेच्या अंतरावर आहे. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि दोन वर्षांनी वसई घेतली. घोडबंदर आणि वसई ही दोन्ही ठिकाणे एका रविवारी पाहून होतात. भाईंदरहून उत्तनला समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता तर स्कूटरवाल्यांसाठीच आहे. बजाज आणि लॅम्ब्रेटा बाळगणाऱ्यांनी तो सोडू नये.

अशा फेरीला दहाच गाड्या पुरेत. शेवटी एका नव्या गाडीत मेकॅनिक, दोरखंड, पाण्याचे कॅन आणि फॅन बेल्ट. जुन्या गाड्यांना सीटबेल्ट नसतात, पुढच्या सीटला त्यांची सक्ती १९९४ नंतरची. म्हणून मुले मागेच बसवायची आणि वेग आवरायचा. ज्या गाडीत दिव्यांचे इंडिकेटर नाहीत तिच्यात हात बाहेर काढून वळण दाखवायचे. ते संकेत मुलांना आधीच शिकवून ठेवावेत, त्यांना ते भारी आवडतात.

अडचणी खऱ्या आहेत. ‘व्हीए’ क्रमांक घेतला की गाडी फक्त प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज फेरी, इंधन आणि देखभालीसाठीच रस्त्यावर आणता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नोंद दहा वर्षांची, पुढे ५,००० रुपये. जुन्याच नोंदणीवर राहावे तर ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे, आणि आयात चारचाकी असेल तर ८०,०००. रोल्स-रॉईसच्या मालकाला याने फरक पडत नाही. वडिलांची फियाट सांभाळणाऱ्या निवृत्त कारकुनाला मात्र पडतो. क्लबांनी सरकारकडे मागणी करायची असेल तर ती याच माणसासाठी करावी: देशी बनावटीच्या जुन्या गाड्यांना शुल्कात सवलत, आणि कुटुंबासह केलेल्या, आधी कळवलेल्या सहलीला व्हिंटेज फेरीचाच दर्जा. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या जतन केलेल्या गाड्यांना ‘एच’ अक्षराची पाटी आणि करात सवलत मिळते. मग आपल्याकडे का मिळू नये?

दुसरी अडचण माणसांची. प्लॅटिनम पॉइंट घासून अंदाजाने गॅप लावणारा, कार्ब्युरेटर कानाने ऐकून ट्यून करणारा मिस्त्री आता साठी-सत्तरीचा आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग अजून मिळतात, पण ते बसवणारे हात कमी होत चालले आहेत. क्लबांनी बक्षिसे चमकत्या रंगाला देण्याबरोबर या मिस्त्रींनाही द्यावीत, आणि आयटीआयच्या मुलांना त्यांच्या हाताखाली पाठवावे. रंग पुन्हा मारता येतो, हे कसब गेले की परत येणार नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही, तेव्हा फोटो पुष्कळ निघाले. तिच्या मेकॅनिकांची नावे कुणी लिहून ठेवली का?

एक काम मात्र आपल्यापैकी कुणालाही करता येईल. व्हिंटेज नोंदणीच्या अर्जासोबत जुने नोंदणीपुस्तक लागते, गाडी आयात असेल तर बिल ऑफ एंट्री लागते, विमा लागतो. गाडी राहते आणि कागद रद्दीत जातात, असे होऊ देऊ नका. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी उघडाल तेव्हा आरसी बुक, सर्व्हिसची बिले, गाडीसोबत काढलेले फोटो, बुकिंगची पावती असे काही हाती लागले तर ते जपून ठेवा. गाडी विकलेली असेल तर तिच्या आजच्या मालकाचा शोध घेऊन हे कागद त्याच्यापर्यंत पोहोचवा.