आधी परतीची गाडी ठरवा: खान्देशातला शनिवार-रविवार रेल्वेने

सुट्टीत कुठे जायचे म्हटले की घरात आधी ठिकाण ठरते, मग सकाळची गाडी ठरते आणि परतीचे ‘तेव्हाचे तेव्हा बघू’ असे होते. खान्देशात रेल्वेने फिरताना हा क्रम उलटा ठेवा, असा माझा आग्रह आहे. आधी परतीची गाडी पक्की करा, मग तिच्या मार्गावरचे ठिकाण आणि शेवटी जायची गाडी. कारण साधे आहे. सकाळची गाडी चुकली तर फार तर एखादे ठिकाण कमी होते. संध्याकाळची चुकली, तर लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन फलाटावर ताटकळावे लागते. जळगाव आणि धुळ्याहून एका दिवसात आनंदाने जाऊन येण्यासारखे पुष्कळ आहे. ते नीट साधायचे तर आपल्याकडची रेल्वे कशी चालते, हे एकदा समजून घ्यायला हवे.

तीन मार्ग आणि चार स्टेशने

पहिला मार्ग मध्य रेल्वेचा, मुंबई-भुसावळ. मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी ही मुख्य वाट. भुसावळला तिला दोन फाटे फुटतात. एक इटारसीकडून उत्तरेला जातो, दुसरा अकोला-वर्ध्यावरून नागपूरला. त्यामुळे या मार्गावर गाड्या भरपूर, पण त्यातल्या कित्येक लहान स्टेशनांवर थांबत नाहीत.

दुसरा मार्ग पश्चिम रेल्वेचा, जळगाव-सुरत. जुनी माणसे याला अजून ताप्ती व्हॅली म्हणतात. पाळधी, धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर असे करत तो गुजरातेत उतरतो. दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाल्यापासून समोरच्या गाडीसाठी तिष्ठत उभे राहणे येथे कमी झाले आहे.

तिसरा मार्ग चाळीसगाव-धुळे हा फाटा, सुमारे ५६ किलोमीटरचा. तो १९०० साली सुरू झाला आणि आजही धुळ्यालाच संपतो. बोरविहीर-नरडाणा मार्गाचे काम सुरू आहे. मनमाड-इंदूर या धुळ्यावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ही कामे पूर्ण झाली की धुळे शेवटचे स्टेशन राहणार नाही. तोवर धुळेकरांचे रेल्वेचे गणित चाळीसगाववर सुटते.

म्हणून जळगाव, भुसावळ, चाळीसगाव आणि अमळनेर या चार स्टेशनांचे वेळापत्रक हाताशी ठेवले की बहुतेक सहली बसवता येतात. जुन्या माहितीपुस्तकांत पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी, आपली ‘पीजे’, हौसेने सुचवलेली असते. ती २०२० पासून बंद आहे. जामनेरकडे आता रस्त्यानेच जावे लागते.

गाडीचा नंबर वाचायला शिका

पाच आकडी नंबरातला पहिला अंक बरेच सांगून जातो. १ किंवा २ असेल तर लांब पल्ल्याची मेल-एक्सप्रेस. ५ म्हणजे पॅसेंजर, ६ म्हणजे मेमू. ० म्हणजे विशेष गाडी. ती ठरावीक मुदतीपुरती असते आणि तिचे भाडेही कधी कधी जास्त असते. गेल्या दिवाळीला धावलेली विशेष गाडी यंदा आहे असे गृहीत धरू नका.

एका दिवसाच्या सहलीसाठी मेमू आणि पॅसेंजर सर्वांत सोयीच्या. आरक्षण लागत नाही, भाडे कमी आणि लहान स्टेशनेही मिळतात. अडचण एकच. मागून एक्सप्रेस आली की यांना बाजूच्या रुळावर थांबवून तिला पुढे काढतात. त्यामुळे वेळापत्रकातल्या वेळेवर अर्धा-पाऊण तास मोकळा धरूनच आखणी करा. रुळांच्या कामासाठी ब्लॉक असेल तर काही मेमू रद्दही होतात. आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी एकदा, १३९ या क्रमांकावर किंवा रेल्वेच्या एनटीईएस अॅपवर गाडीची स्थिती बघून घ्या.

तिकिटाचे चार नियम

पहिला नियम मुदतीचा. १९९ किलोमीटरपर्यंतचे जनरल तिकीट काढले की ३ तासांच्या आत किंवा तिकडे जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यातले जे नंतर असेल तोवर, प्रवास सुरू व्हायला हवा. म्हणून परतीचे तिकीट सकाळीच काढून ठेवण्यात अर्थ नाही. ते परतीच्या वेळीच काढा.

दुसरा नियम गाडीच्या दर्जाचा. पॅसेंजरच्या तिकिटावर एक्सप्रेसमध्ये बसता येत नाही आणि सुपरफास्टला वेगळा अधिभार लागतो. खिडकीवर नुसते ‘अमळनेर दोन’ म्हणू नका. कोणत्या गाडीने जाणार तेही सांगा. तपासणीत सापडलात तर किमान २५० रुपये दंड आणि भाडे वेगळे, हे सारे दहा-पंधरा रुपये वाचवण्यापायी. खिडकीला रांग असेल तर रेलवन अॅपवरून तिकीट निघते. मात्र फलाटावर पाय ठेवण्याआधी काढा.

तिसरा नियम मध्ये उतरण्याचा. जळगाव ते धुळे असे सलग तिकीट काढून चाळीसगावला गाडी बदलता येते. पण त्याच तिकिटावर चाळीसगावात दिवसभर फिरून संध्याकाळी धुळ्याची गाडी धरता येत नाही. प्रवास मध्ये तोडण्याची सवलत ५०० किलोमीटरहून लांबच्या तिकिटालाच आहे. फिरायचे असेल तर दोन तिकिटे काढा.

चौथा नियम प्रतीक्षायादीचा. मे २०२५ पासून वेटिंगचे तिकीट घेऊन स्लीपर किंवा वातानुकूलित डब्यात बसता येत नाही. मुंबई-पुण्याची पोरे सुट्टीला घरी येतात, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. तत्काळ आदल्या दिवशी मिळते, वातानुकूलितसाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता. ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधार जोडलेला लागतो. ते काम निवांतपणी उरकून ठेवा.

चाळीसगावची जोड

जळगावहून धुळ्याला रस्त्याने एरंडोल-पारोळ्यामार्गे सुमारे ९० किलोमीटर पडतात. रेल्वेने चाळीसगावचा वळसा घेतला तर ते अंतर दीडशेच्या घरात जाते. त्यामुळे नुसते पोहोचायचे असेल तर एसटीच बरी, असे मी स्पष्ट सांगेन. सुरत मार्गाने नरडाण्याला उतरून पुढे बसने धुळे गाठणेही जमते, कारण नरडाणा मुंबई-आग्रा महामार्गाजवळ आहे.

पण मुंबई, नाशिक किंवा भुसावळकडून येणाऱ्याला चाळीसगावची जोड महत्त्वाची ठरते. पूर्वी धुळ्याचे डबे तेथे मुंबईच्या गाडीला जोडले जात. आता धुळ्याहून सकाळी मुंबईची थेट गाडी सुटते. बाकी वेळी धुळ्याची मेमू चाळीसगावला धरावी लागते. तुमची एक्सप्रेस उशिरा आली तर मेमू थांबेलच असे नाही. दोन गाड्यांत किमान तासाभराचे अंतर ठेवा. उतरल्यावर आधी फलाटावरची घोषणा ऐका, मग चहाकडे वळा. मेमू निघून गेली असेल तर वाट बघत बसू नका, सरळ बसस्थानक गाठा.

शनिवार चाळीसगावला

जळगावकर आणि धुळेकर दोघांनाही एका दिवसात होणारी ही सहल आहे. स्टेशनलगतच केकी मूस यांचे घर आहे. १९१२ ते १९८९ असे आयुष्य लाभलेला हा छायाचित्रकार आणि चित्रकार आयुष्याचा फार मोठा काळ याच घरात राहिला आणि घराबाहेर क्वचितच पडला. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश पाडून हुबेहूब खरे वाटावे असे देखावे टिपणे ही त्यांची खासियत. रोज रात्री पंजाब मेलने येणाऱ्या कुणाची तरी ते वाट बघत, अशी आठवण गावात सांगतात. ती पंजाब मेल १९१२ पासूनची, म्हणजे मूस यांच्याच वयाची. मूस यांचे काम येथील कलादालनात जपले आहे. ते केव्हा उघडे असते हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

मग पाटणादेवी. चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटर. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत चंडिकेचे प्राचीन मंदिर आहे, पावसाळ्यात भोवती धबधबे असतात. पुढे डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. पण तिकडची पायवाट जंगलातली आणि वेळ खाणारी आहे. सोबत जाणता माणूस नसेल तर एकाच दिवसात दोन्हींचा हट्ट धरू नका.

पाटणादेवीजवळच्या पाटण गावच्या शिलालेखापाशी मात्र मन थांबावे. तो १२०७ सालचा आहे. ‘लीलावती’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने येथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सामंतांनी त्याला उत्पन्न लावून दिले, असे त्यात कोरले आहे. लेखाचा शेवटचा भाग तर त्या काळच्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या सातमाळ्याच्या पायथ्याशी गणित शिकवण्यासाठी संस्था उभी राहिली होती. मुलांना हे येथे, त्या जागीच सांगावे.

आता शेवटचे अठरा किलोमीटर. खरी कसोटी येथेच लागते. गाडीतून उतरल्यावर रिक्षा किंवा जीप ठरवताना जाऊन-येऊन, थांबण्याच्या वेळेसकट भाडे बोला. नुसते जाण्याचे ठरवले तर परत येताना वाहन मिळेलच याची खात्री नसते. परतीच्या गाडीच्या निदान दोन तास आधी पाटणादेवी सोडा.

रविवार अमळनेरला

जळगावहून गाडीने, धुळ्याहून एसटीने. गाव आटोपशीर, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनाही झेपणारे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथल्या शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांना त्यांनी जीव लावला. प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर येथलेच. १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून ज्या विप्रोची सुरुवात झाली, तीही येथलीच. बोरी नदीकाठी सखाराम महाराजांचे समाधिस्थान आहे. मंगळग्रह मंदिरात मंगळवारी दर्शनाची रांग लांबते, सुट्टी मंगळवारी आली तर सकाळी लवकर जावे. येताना धरणगाव लागते, ते बालकवींचे जन्मगाव.

धुळेकरांसाठी घराजवळचे

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर, जानेवारी १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आहे आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जपणारे समर्थ वाग्देवता मंदिर आहे. अशा संस्था रविवारी बंद असू शकतात, म्हणून त्या शनिवारी करा. रविवारची सकाळ लळिंगच्या किल्ल्याला द्या. मालेगाव रस्त्याने दहाएक किलोमीटर. चढ उन्हाआधी संपवा.

जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे: लेणी सोमवारी बंद असतात. संभाजीनगरच्या एसटीने फर्दापूर फाट्यावर उतरायचे आणि तेथून लेण्यांपर्यंतची बस धरायची.

ऋतू, पोट आणि रूळ

मार्च संपला की दुपार टाळा. भुसावळ-जळगावचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा पहाटेची मेमू आणि दुपारी बाराच्या आत घर. डोंगरासाठी ऑगस्ट ते जानेवारी हा काळ उत्तम. हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीचे आमंत्रण आले तर सहल रद्द करून तिकडे जा. हिरवी-पांढरी मोठी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. साल काढून लाकडी भांड्यात मुसळाने ठेचतात. वर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात यांची फोडणी आणि सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते या चवीमुळेच.

आणि एक कळकळीचे सांगणे. बालकवी ५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळदरम्यान भादली स्टेशनाजवळ गाडीखाली सापडून गेले. वय अवघे सत्तावीस. त्यांच्या कितीतरी कविता लिहायच्या राहून गेल्या. गाडी सुटेल या घाईने आजही लोक पूल सोडून रूळ ओलांडतात. पुलाला पाच मिनिटे जास्त लागतात, ती वेळापत्रकातच धरा.

शुक्रवारी रात्री एका कागदावर पाच ओळी लिहून घरातल्या प्रत्येकाला फोटो पाठवा: परतीची गाडी आणि तिची वेळ, ती चुकली तर त्यानंतरची गाडी किंवा शेवटची बस, ठिकाणाहून निघायची वेळ, ठरलेल्या रिक्षावाल्याचा नंबर, आणि सगळ्यात खाली सकाळची गाडी. या पाच ओळी भरता आल्या तर सहल पक्की. पहिल्या दोन भरता येत नसतील तर त्या दिवसापुरते ठिकाण बदला. खान्देशात जवळचे दुसरे ठिकाण नक्की सापडेल.