डॉल्बी म्हणजे गोंगाट नव्हे

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाराष्ट्रात काही परक्या शब्दांचे नशीब विचित्र निघाले. ‘डॉल्बी’ हा त्यांपैकीच एक. मिरवणुकीत टेम्पोवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत, तिच्या दणक्याने थरथरणाऱ्या खिडक्या आणि छातीवर हात ठेवून घरात शिरणारी म्हातारी माणसे, एवढे सारे आपण या एका शब्दात कोंबले आहे. वास्तविक रे डॉल्बी हे एका अमेरिकन संशोधकाचे नाव. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. तेथे त्यांनी पहिले उपकरण बनवले ते कशासाठी? तर ध्वनिमुद्रणाच्या फितीवर गाण्यामागे जी बारीक सूं सूं ऐकू येते ती कमी करण्यासाठी! ज्या माणसाने आवाजातला केरकचरा काढला, त्याच्याच नावाने आपण गोंगाट ओळखतो.

हे सांगण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी आमच्या घरी ‘होम थिएटर रिसीव्हर’ आला तेव्हा आळीत बातमी पसरली ती ‘यांनी डॉल्बी आणली’ अशीच. माझा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (कागदोपत्री हा डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन रस्ता विचारणारा मनुष्य मला अजून भेटलेला नाही) एक वापरलेला रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर घेतला. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा आणि तेथून टेम्पोने रेवदंडा असा प्रवास करून खोकी घरी आली. चार दिवसांनी भाऊ जहाजावर रुजू झाला; खोकी तशीच राहिली. माहितीपुस्तक इंग्रजीत. वडील मासेमारी करतात, आई मासळी विकते. घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच. तेव्हा भावाच्या कष्टाच्या पैशाची ही वस्तू मार्गी लावण्याचे काम माझ्याकडे आले. त्यातून जे उमगले ते येथे मांडते.

रिसीव्हर हे नाव रेडिओच्या जमान्यातले. पण त्याचे खरे काम पाहायचे असेल तर बंदरावरचा मासळीचा लिलाव डोळ्यांपुढे आणावा. होडीतून सगळा माल एकत्र येतो. मग पापलेट एका पाटीत, कोळंबी दुसऱ्या पाटीत, बोंबील तिसऱ्या पाटीत. त्याचप्रमाणे टीव्हीकडून एकाच वायरीने आलेला आवाज रिसीव्हर निवडून वेगवेगळ्या स्पीकरांकडे पाठवतो, आणि पाठवण्यापूर्वी त्याला ताकद देतो. समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूंना मागच्या अंगाला दोन, हे झाले पाच. खोल, घुमणाऱ्या आवाजासाठी सबवूफर एक. यालाच ‘५.१’ म्हणतात. टीव्ही व रिसीव्हर जोडताना एचडीएमआयच्या ज्या भोकावर ‘एआरसी’ असे लिहिलेले असते तेच दोन्हीकडे वापरावे, म्हणजे टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे येतो. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमध्येही आवाज बाहेर पाठवण्याची सोय चालू करावी लागते.

या सहांमध्ये माझ्या मते सर्वांत मोलाचा स्पीकर मधला. माझ्या आजीला कमी ऐकू येते. चित्रपटात पार्श्वसंगीत सुरू झाले की ती दर मिनिटाला विचारी, “काय बोलला तो?” मग आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो, त्याबरोबर संगीतही वाढे, आणि आजी पुन्हा तोच प्रश्न विचारी. ५.१ पद्धतीच्या चित्रपटात पात्रांचे बोलणे बहुतांशी मधल्या स्पीकरकडे दिलेले असते. म्हणून सगळा आवाज न वाढवता फक्त मधल्याची पातळी दोनतीन डेसिबलने वर घेतली की बोलणे संगीताच्या पुढे येते. मालिकांचा आवाज दोनच वाहिन्यांत येत असला तरी बिघडत नाही. डावीकडे आणि उजवीकडे जे अगदी सारखे असते (आणि संवाद बहुधा सारखाच असतो), ते ओळखून रिसीव्हर मधल्या स्पीकरकडे काढू शकतो. तशी पद्धत मात्र रिमोटवरून निवडावी लागते. रात्रीसाठी आणखी एक सोय असते, तिने दणके खाली येतात आणि कुजबूज वर येते. आजी आता मालिकेतल्या सासूचा राग राग करते, तो तिचे शब्द ऐकून!

स्पीकर कोठे ठेवावेत यासाठी महागडे साधन नको. वडिलांच्या जाळ्याची दोरी पुरली. समोरच्या दोन स्पीकरांमध्ये जेवढे अंतर, तेवढेच प्रत्येकापासून आपल्या बसण्याच्या जागेचे असावे. भूमितीतला समभुज त्रिकोण! मागचे दोन स्पीकर अगदी पाठीशी न लावता बाजूंना, किंचित मागे आणि कानांच्या थोडे वर असावेत. घर लहान असल्याने सगळी अंतरे सारखी जमत नाहीत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरभर अंतराला त्याला साधारण तीन सहस्रांश सेकंद लागतात. रिसीव्हरला प्रत्येक स्पीकरचे अंतर सांगितले की तो जवळच्याला तेवढा वेळ थोपवून धरतो. काही रिसीव्हरांबरोबर ही मोजणी आपोआप करणारा छोटा मायक्रोफोन येतो. त्यासाठी घरात शांतता हवी. आमच्या किनाऱ्यावर ती कोठून आणायची? मी ओहोटीची दुपार निवडली, कारण तेव्हा पाणी दूर जाते. गंमत अशी की, रिसीव्हर तपासणीसाठी जो आवाज काढतो तो हुबेहूब समुद्राच्या गाजेसारखा असतो.

जोडणीतल्या दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. लाल टोक लालला, काळे काळ्याला. एका स्पीकरचे उलटे लागले तर दोघांचे पडदे विरुद्ध हालतात आणि आवाज पोकळ होतो. दुसरी गोष्ट ओहमची. स्पीकरच्या पाठीवरचा आकडा रिसीव्हरला चालणाऱ्या आकड्याहून कमी नसावा. एकाच जागी दोन स्पीकर समांतर जोडले तर तो निम्म्यावर येतो आणि यंत्र तापते.

सबवूफरची कथा निराळी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमची कौले उडाली, तेव्हापासून माजघरावर पत्रे आहेत. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की घुमारा वाढतो आणि पत्र्यांसकट मांडणीवरची भांडी बोलू लागतात. तो कोपऱ्यातून काढला, खाली जुन्या गोधडीची घडी घातली, आवाज निम्म्यावर आणला. भांडी गप्प झाली. समोरच्या भिंतीवर दुसरी गोधडी टांगली, तिने खोलीतला प्रतिध्वनीही गिळला. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची आहे. शेजारच्या भिंतीला आपली भिंत लागून असेल तर हे आकडे माहीत असलेले बरे.

शेवटी खाऱ्या वाऱ्याविषयी. मुंबईच्या दुकानदाराला याची कल्पना नसावी, कारण त्याने एका शब्दाने सांगितले नाही. किनाऱ्यावर तांब्याच्या वायरीची उघडी टोके काही महिन्यांत हिरवट-काळी पडतात आणि खरखर सुरू होते. टोकांवर सोल्डर चढवून घ्यावे. वर्षातून दोनदा ती काढून पुसावीत. खराब झाली असतील तर कापून नव्याने सोलावीत. यंत्रावर प्लॅस्टिक गुंडाळू नये, आतली उष्णता कोंडते. मऊ कापड टाकावे, तेही यंत्र बंद असतानाच. पावसाळ्यात आठवड्यातून दोनतीनदा अर्धा तास तरी ते चालू ठेवावे, म्हणजे स्वतःच्या ऊबेने आतली दमट हवा सुकते. अर्थिंग नीट आहे ना, ते वायरमनकडून पाहून घ्यावे. आणि पत्र्यावर मोठी सर कोसळू लागली की आवाज वाढवण्याच्या भरीस न पडता रिसीव्हर बंद करून प्लगच काढून ठेवावा. तसेही त्या सरीपुढे काही ऐकू येत नाही, आणि मागोमाग विजा येतात.