क्रीडामोटारीची चाके, टायर व निलंबन

क्रीडामोटारीची चाके, टायर व निलंबन : मोटारगाडीचा सांगाडा व रस्ता यांना जोडणारे हे तीन घटक आहेत. वेग वाढविणे, वळणे व थांबणे या तिन्ही क्रियांसाठी लागणारे प्रेरणेचे बळ अखेरीस टायर व रस्ता यांच्या स्पर्शक्षेत्रातूनच मिळते. सु. १,००० किग्रॅ. वजनाच्या गाडीच्या प्रत्येक टायरावर सरासरी २५० किग्रॅ. भार येतो. टायरातील हवेचा दाब २ किग्रॅ./चौ. सेंमी. असल्यास प्रत्येक स्पर्शक्षेत्र सु. १२५ चौ. सेंमी., म्हणजे साधारण हाताच्या पंजाएवढे भरते. अशी चार स्पर्शक्षेत्रे रस्त्याला सतत व शक्य तितक्या सारख्या भाराने टेकलेली ठेवणे, हे चाक व निलंबन यांचे कार्य होय. हलकी, ठेंगणी व बहुधा दोन आसनांची क्रीडामोटार विकत घेणारे पुष्कळ लोक तिचे मूळचे भाग काढून त्यांजागी इतर उत्पादकांचे भाग बसवितात. अशा बदलांची निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, याचे विवेचन येथे केले आहे.

इतिहास : बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धावेप्रमाणेच आरंभीच्या मोटारींची धाव कठीण असे. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे सायकलीसाठी हवा भरलेला टायर उपयोगात आणला. मिशलिन बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बॉर्दो-पॅरिस शर्यतीत असे टायर मोटारीवर वापरून दाखविले. एत्तोरे बुगाती यांच्या १९२४ मधील टाइप ३५ या शर्यतीच्या मोटारीला ॲल्युमिनियमाची ओतीव चाके होती व ब्रेकचा पिंप चाकातच ओतलेला असे. मिशलिन कंपनीने १९४६ मध्ये अरीय टायराचे एकस्व घेतले. या टायरात कवचातील दोरे स्पर्शक्षेत्राच्या मधोमध जाणाऱ्या रेषेशी काटकोनात असतात व त्यांवर पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे कडा लवचिक, परंतु रस्त्याला टेकणारा भाग ताठ राहतो. कमी उंचीचे रुंद टायर पुढे प्रचारात आले ते या रचनेमुळेच. निलंबनाच्या बाबतीत, जनरल मोटर्समध्ये काम करणारे इंग्रज अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० नंतरच्या दशकात पुढील व मागील स्प्रिंगांच्या कंप्रतांचा परस्परसंबंध अभ्यासिला. १९६२ मध्ये आलेल्या लोटस एलान या मोटारीने मऊ स्प्रिंगांवरही उत्तम पकड मिळते, हे दाखवून दिले.

टायर : तिन्ही घटकांत टायराची निवड प्रथम करणे इष्ट असते. चाक वा स्प्रिंग कितीही उत्तम असली, तरी टायराच्या रबराला जेवढी पकड देता येते तिच्यापलीकडे गाडी जाऊ शकत नाही. टायराच्या कडेवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही अशी खूण असते. तीतील २०५ ही टायराची मिमी. मधील रुंदी, ५५ हे कडेच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, ‘आर’ हे अरीय रचनेचे चिन्ह व १६ हा चाकाचा इंचांतील व्यास होय. ९१ हा भारांक ६१५ किग्रॅ. भार दर्शवितो, तर ‘व्ही’ ही वेगमर्यादा ताशी २४० किमी. असते. बदली टायराचा भारांक व वेगचिन्ह मूळ टायराहून कमी असू नये. २००० सालापासून कडेवर चार अंकी संख्येने निर्मितीचा आठवडा व वर्ष दिलेले असते, उदा., २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेला टायरही कालांतराने कडक होतो, म्हणून ही संख्या पाहणे अगत्याचे असते.

टायर रुंद केला म्हणजे स्पर्शक्षेत्र त्याच प्रमाणात वाढते, हा समज बरोबर नाही. भार व हवेचा दाब तेच राहिल्यास स्पर्शक्षेत्राचे आकारमान जवळजवळ तेवढेच राहते. मात्र ते लांबीने आखूड व रुंदीने मोठे होते. यामुळे वळणावर टायर कमी कोनातून घसरून तेवढीच बाजूची प्रेरणा देतो व सुकाणूस अधिक तत्परतेने प्रतिसाद मिळतो. रुंद टायराचा खरा तोटा पावसात दिसतो. साचलेले पाणी बाजूला सारता न आल्यास टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. विमानांच्या टायरांवर अमेरिकेच्या नासा संस्थेने केलेल्या प्रयोगांतून हा तरंगवेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, असे आढळले. त्या सूत्रानुसार २ किग्रॅ./चौ. सेंमी. दाबास तो ताशी सु. ९० किमी. व १.४ किग्रॅ./चौ. सेंमी. दाबास ताशी सु. ७५ किमी. येतो. खाचा झिजलेल्या टायरास हा धोका सर्वाधिक असतो. भारतात मोटारीच्या टायराच्या खाचांची किमान खोली १.६ मिमी. ठरविलेली आहे, तथापि पावसाळ्यात सह्याद्रीतील घाटरस्त्यांवरून जाणाऱ्या गाडीस एवढी खोली अपुरी समजावी. शर्यतीच्या मार्गासाठी केलेल्या टायरात खाचा थोड्या असतात व त्यांचे रबर तापल्यावरच पकड घेते. नेहमीच्या रस्त्यावर ते पुरेसे तापत नसल्याने असे टायर चांगल्या साध्या टायरांहून निकृष्ट ठरतात.

हवेचा दाब हा निवडीचाच एक भाग होय. शेव्हरोले कॉर्व्हेर या १९६० सालच्या अमेरिकन मोटारीचे एंजिन मागे असून मागील निलंबन झुलत्या आसांचे होते. तीव्र वळणावर मागचे चाक आत वळून गाडीखाली मुडपण्याचा संभव असे. उत्पादकाने यावर पुढील टायरांत सु. १.०५ व मागील टायरांत सु. १.८ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब ठेवण्याचा उपाय योजला होता. परंतु सर्व टायरांत सारखी हवा भरण्याची सवय असलेल्या मालकांकडून हा फरक राखला जात नसे. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये या मोटारीवर कडक टीका केली. अमेरिकन शासनाने केलेल्या चाचण्यांच्या १९७२ मधील अहवालात मात्र ती तत्कालीन इतर मोटारींहून अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. वादाचा निर्णय कसाही मानला, तरी टायर व त्यांतील दाब यांचा विचार निलंबनापासून वेगळा करता येत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

चाक : बदली चाक निवडताना पाच मापे जुळवावी लागतात : व्यास, रुंदी, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास व बोल्टांची संख्या, तुंब्यावर बसणाऱ्या मधल्या छिद्राचा व्यास आणि अपसारण. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा व चाक तुंब्यास टेकते ते प्रतल यांमधील अंतरास अपसारण म्हणतात. ते प्रतल मध्यरेषेच्या बाहेरील बाजूस असल्यास अपसारण धन मानतात. मधले छिद्र तुंब्याहून मोठे असल्यास चाक केंद्रित राहत नाही व वेगात सुकाणू थरथरते; अशा वेळी योग्य मापाचे कडे बसवितात.

जपानी माझदा कंपनीच्या १९८९ मधील एमएक्स-५ या मोटारीचे उदाहरण घेता येईल. तिला १४ इंच व्यासाची, ५.५ इंच रुंदीची व ४५ मिमी. अपसारणाची चाके आणि १८५/६० आर १४ मापाचे टायर होते. चार बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी. व मधले छिद्र ५४.१ मिमी. होते. मूळ टायराचा बाह्य व्यास सु. ५७८ मिमी. येतो. १५ इंची चाकावर १९५/५० मापाचा टायर चढविल्यास तो ५७६ मिमी. होतो, म्हणजे वेगमापकात जवळजवळ फरक पडत नाही. १६ इंची चाकावर २०५/४५ मापाचा टायर चढविल्यास व्यास ५९१ मिमी. होऊन वेगमापक खऱ्या वेगापेक्षा सु. २.३ टक्के कमी आकडा दाखवील. आता ५.५ ऐवजी ६.५ इंच रुंदीचे व ४० मिमी. अपसारणाचे चाक घेतल्यास त्याची आतील कड मूळ जागेहून सु. ८ मिमी. आत व बाहेरील कड सु. १८ मिमी. बाहेर येते. हे अंतर निलंबनाच्या भुजा व चिखलरोधक यांपासून मोकळे आहे किंवा कसे, हे चाक पूर्ण वळवून व स्प्रिंग पूर्ण दाबून तपासावे लागते. अपसारण फार कमी केल्यास चाक बाहेर येऊन गाडी रुंद दिसते. पण सुकाणूचा अक्ष जमिनीस जेथे मिळतो तो बिंदू स्पर्शक्षेत्राच्या मध्यापासून दूर जातो. परिणामी खड्ड्यांचे व ब्रेकचे झटके सुकाणूवर येतात आणि तुंब्यातील धारव्यांवरील भार वाढतो.

चाकाच्या वजनाचे महत्त्व दोन कारणांनी असते. चाक, टायर व ब्रेक यांचे वस्तुमान स्प्रिंगखाली असते. ते जितके कमी तितके चाक उंचसखल रस्त्याचा माग अधिक चांगला घेते. शिवाय चाक फिरत असल्याने त्याचे जडत्व दोनदा मोजावे लागते : परिघाजवळील १ किग्रॅ. वस्तुमान वेग वाढविताना गाडीतील जवळजवळ २ किग्रॅ. वस्तुमानाइतका विरोध करते. म्हणून मोठे पण जड चाक बसविल्याने दिखाऊपणा वाढला, तरी गाडी मंदावते. ओतीव मिश्रधातूची चाके स्वस्त, तर दाबून घडविलेली घडीव चाके त्याच बळास हलकी व महाग असतात. कमी दर्जाचे ओतीव चाक खड्ड्यात आपटल्यास तडकते. पोलादी चाक मात्र सहसा वाकते. टायराची कड जितकी कमी उंच, तितका हा आघात चाकावर सरळ येतो. जपानमधील चाकांवरील ‘जेडब्ल्यूएल’ ही खूण चाक मिश्रधातूच्या चाकांच्या तेथील मानकास अनुसरून असल्याचे दर्शविते.

निलंबन : स्प्रिंग गाडीचा भार पेलते, हादरेशोषक तिची आंदोलने शमवितो व स्थिरकारी दंड वळणावरील कलणे कमी करतो. एका चाकावर स्प्रिंगेवरील वस्तुमान २२० किग्रॅ. व चाकापाशी मोजलेली दृढता १८ न्यूटन/मिमी. असल्यास नैसर्गिक कंप्रता सु. १.४ हर्ट्‌झ येते व स्थिर भाराने स्प्रिंग १२० मिमी. दबते. दृढता दीडपट केल्यास कंप्रता सु. १.८ हर्ट्‌झ व दाब ८० मिमी. होतो. स्प्रिंग भुजेवर आतील बाजूस बसविलेली असल्याने चाकापाशी जाणवणारी दृढता भुजांच्या गुणोत्तराच्या वर्गाने घटते, गुणोत्तर ०.७ असल्यास ती निम्म्याहून किंचित कमी भरते. मळसूत्री स्प्रिंगेची दृढता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. तार १२ ऐवजी १३ मिमी. घेतली, तर दृढता सु. ३८ टक्के वाढते. वेटोळी कापून गाडी खाली आणणे अयोग्य होय. त्यामुळे दृढता अनियंत्रित वाढते व चाक उचलले गेले असता स्प्रिंग आपल्या बैठकीवरून सुटू शकते. स्प्रिंग बदलल्यावर तिच्याशी जुळणारा हादरेशोषकही घ्यावा लागतो, नाहीतर गाडी खड्ड्यानंतर डोलत राहते.

वळणावर आतील चाकांवरचा भार बाहेरील चाकांवर जातो. १,००० किग्रॅ. वस्तुमानाच्या, गुरुत्वमध्य ४६ सेंमी. उंचीवर व चाकांमधील अंतर १४१ सेंमी. असलेल्या गाडीत, गुरुत्वीय प्रवेगाच्या ०.८ पट बाजूच्या प्रवेगास असे भारांतरण सु. २,५६० न्यूटन असते. स्प्रिंगा कडक केल्याने हा एकूण आकडा बदलत नाही. गाडी २५ मिमी. खाली आणली, तरी तो सु. ५ टक्केच घटतो. स्प्रिंगा व स्थिरकारी दंड यांनी ठरते ते या भाराचे पुढील व मागील आसांमधील वाटप. भार वाढला की टायराची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात नव्हे. म्हणून ज्या आसावर भारांतरण अधिक, त्या आसाची एकूण पकड कमी होते. पुढचा दंड जाड केल्यास गाडी वळणाबाहेर सरकू पाहते. मागचा जाड केल्यास तिचा मागचा भाग सुटण्याकडे कल होतो. साध्या चालकाच्या दृष्टीने पहिली प्रवृत्ती सुरक्षित, तर दुसरी धोकादायक असते.

फार खाली आणलेल्या गाडीत आणखी एक दोष उद्भवतो. मॅकफर्सन पद्धतीच्या निलंबनात खालची भुजा बाहेरच्या टोकास वर झुकते व कलण्याचे केंद्र गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली जाते. परिणामी गाडी ठेंगणी होऊनही कलण्याचे परिबल वाढू शकते. निलंबनाचा प्रवासही कमी उरून ते रबरी थांब्यावर आदळते व त्या क्षणी पकड एकाएकी सुटते. उंची बदलल्यावर चाकांचा कल व त्यांची समांतरता पुन्हा जुळवून घेणे आवश्यक असते.

बदलांचा क्रम व कायदा : प्रथम झिजलेली रबरी आवेष्टने, सांधे व हादरेशोषक मूळ स्थितीत आणावेत, मग उत्तम टायर घ्यावेत, त्यानंतर हलकी चाके व अखेरीस स्प्रिंगा बदलाव्यात. एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहिल्यास दोषाचे कारण सापडते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जर्मनीत मान्यता नसलेला बदल तपासून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. हे निर्बंध जाचक वाटले, तरी त्यांमागे अनुभव आहे. कारण सदोष चाक वा निलंबन यांची किंमत मालकाबरोबरच रस्त्यावरील इतरांनाही द्यावी लागते.