पंगतीचं पाणी

सकाळच्या आसनगाव लोकलमध्ये सीट मिळाली की पहिलं काम मोबाइल. परवा स्टेटस बघत होतो. एकाची नवी एसयूव्ही, दुसऱ्याच्या बंगल्याची वास्तुशांत, तिसऱ्याच्या गावात कलशारोहण. बॅनरवर देव कोपऱ्यात आणि देणगीदार मध्यभागी!

आमचा शहापूर तालुका झपाट्याने बदललाय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. जमिनी गेल्या, पैसा आला. कुणी घर बांधलं, कुणी मुलांना शिकवलं. त्यात वाईट काय? पण भक्तीतही चढाओढ लागली. त्यांच्या सप्ताहाला मोठे कीर्तनकार, मग आमच्या सप्ताहाला त्याहून मोठे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याही गावात सप्ताह होता. मी स्वयंसेवक, गळ्यात बिल्ला. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा ही धरणं आमच्याच तालुक्यात, पण उन्हाळ्यात इथल्या कितीतरी पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. मंडपासाठी टँकर आला, तेव्हा शेजारच्या पाड्यावरच्या बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, हे पंगतीचं पाणी आहे."

आजी कीर्तनातून उठून आली. तिचं माहेर मुरबाडचं. दर वर्षी पौषात म्हसाच्या यात्रेला जाते. म्हसोबाचं दर्शन अर्ध्या मिनिटात उरकते आणि बैलबाजारात भेटलेल्या माणसांशी तासभर बोलत बसते. ती एवढंच म्हणाली, "पंगत घटकाभर थांबंल. आधी हंडं भर." मी गुपचूप पाइप हातात घेतला. बिल्ला मात्र टोचत राहिला.

नंतर कॉलेजच्या लायब्ररीत कवी ना. वा. टिळकांबद्दल वाचलं. लहानपणी ते आपल्या कल्याणला शिकले. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घरदार दुरावलं. पुढे मिशनमध्ये पगार होता, मान होता. तरी १९१७ मध्ये ते सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांतच ते गेले. एका धर्मातून दुसऱ्यात गेल्यावरही त्यांचा शोध संपला नव्हता, हे वाचून मला आजी आठवली. तिने देव बदलला नाही, मंदिर सोडलं नाही. फक्त पंगत थांबवली.

सप्ताह बंद करा, असं मी म्हणणार नाही. टाळ-मृदंग सुरू झाला की माझेही पाय थिरकतात. यंदाच्या मीटिंगमध्ये एवढंच सुचवलं, की टँकरची पहिली खेप पाड्यावर जाऊ दे. "बघू," असं उत्तर आलं.

आजी रोज विचारते, "काय ठरलं रं?"

तुमच्या गावात काय ठरलंय?