पिल्लांच्या जिवावर उठलेला विषाणू

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की डॉक्टरांकडच्या पहिल्याच फेरीत 'पार्व्हो' हा शब्द कानावर पडतो. पिसाळण्याच्या रोगाप्रमाणे हाही पूर्वापार चालत आलेला असावा, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. १९७८ पूर्वी पशुवैद्यकांच्या पुस्तकांत या रोगाचे नावही नव्हते. माणसाबरोबर हजारो वर्षे राहणाऱ्या या प्राण्याला हा शत्रू अगदी अलीकडे भेटला आहे.

१९७८ मध्ये अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या ठिकाणी कुत्री अचानक मरू लागली. उलट्या, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त जुलाब आणि दोन-तीन दिवसांत शेवट. काही पिल्ले तर खेळता खेळता कोसळत. विषाणूने त्यांच्या हृदयावरच घाला घातलेला असे. दोन वर्षांत या साथीने जग पादाक्रांत केले. १९८०च्या दशकाच्या आरंभी भारतातही तिची नोंद झाली.

हा पाहुणा आला कुठून? शास्त्रज्ञांनी साठवणीतले रक्ताचे जुने नमुने बाहेर काढले. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून युरोपातील काही कुत्र्यांच्या रक्तात या विषाणूच्या खुणा सापडल्या. त्याचा सर्वांत जवळचा नातलग निघाला मांजरांमधील एका जुन्या जीवघेण्या रोगाचा विषाणू. मांजराच्या किंवा तत्सम मांसाहारी प्राण्याच्या विषाणूत मोजकेच बदल झाले आणि कुत्र्याच्या पेशीचे कुलूप त्याला उघडता येऊ लागले. लॅटिन भाषेत 'पार्व्हस' म्हणजे लहान. नाव सार्थ आहे. असे चाळीस हजार विषाणू ओळीने मांडले तरी जेमतेम एक मिलिमीटर भरेल!

एवढासा जीव इतक्या वेगाने फिरला, कारण त्याचे कवच विलक्षण चिवट आहे. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो अगणित संख्येने बाहेर पडतो आणि मातीत कित्येक महिने तग धरतो. बुटाचा तळवा, गाडीचे चाक, पिंजरा, माणसाचे हात, त्याला कोणतेही वाहन चालते. अमेरिकेतील सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचे बेट आहे. तिथे कुत्री नेण्यास बंदी आहे. तरीही हा विषाणू तिथे पोहोचला आणि १९८० मध्ये पन्नास असलेले लांडगे १९८२ मध्ये चौदावर आले.

शरीरात शिरल्यावर तो झपाट्याने वाढणाऱ्या पेशी गाठतो. आतड्याचे अस्तर झडते, अस्थिमज्जेवर हल्ला होऊन रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. म्हणजे किल्ल्याची तटबंदीही ढासळते आणि शिबंदीही संपते. उपचार न झाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात. वेळीच सलाइन, प्रतिजैविके आणि शुश्रूषा मिळाली तर त्यातली बरीचशी वाचतात. म्हणूनच पिल्लाने खाणे टाकून उलट्या सुरू केल्या, तर घरगुती औषधांत दिवस घालवू नये.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कारमायकेल आणि मॅक्स ॲपेल यांनी अल्पावधीत लस तयार केली. त्याआधी मांजरांच्या लशीवरच वेळ भागवावी लागली होती. नवी लस आल्यावर साथीचा पहिला जोर ओसरला. पण विषाणू स्वस्थ बसला नाही. १९८०च्या सुमारास त्याने रूप बदलले आणि त्या नव्या अवतारात तो मांजरांनाही बाधू लागला. माणसाला मात्र त्यापासून धोका नाही.

मग लस घेतलेली पिल्लेही का दगावतात? याचे उत्तर आईच्या दुधात आहे. पहिल्या दुधातून आलेली प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात आणि तीच लशीलाही निष्प्रभ करतात. काही आठवड्यांनी ती विरळ होतात. पुढे असा काळ येतो, की ती रोगाला अडवू शकत नाहीत. पण लशीला मात्र अडवतात. प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत ही फट वेगळ्या वेळी पडते. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यावी लागते. एक टोचून घेतले, आता काळजी नाही, ही समजूत घातक ठरते.

हे आठवडे पुरे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावरच्या मातीत, अनोळखी कुत्र्यांत नेऊ नये. पार्व्होने पिल्लू गेलेल्या घरात लगेच दुसरे आणू नये. तिथे नुसत्या फिनेलवर विसंबून भागत नाही. जागा आधी धुऊन मग ब्लीचने पुसावी. मुलांच्या हट्टाखातर आपण पिल्लू एका दिवसात घरी आणतो. त्याला जगवण्यासाठी मात्र तीन महिने डॉक्टरांचे वेळापत्रक सांभाळावे लागते. तेवढी तयारी असेल, तरच दार उघडावे.